लर्निंग डिझाइनमधली मास्टर्स: कोकणातून अर्ज करताना काय काय लागतं

दहावी-बारावीचा निकाल लागला की कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी आपल्याला सवयीची झाली आहे. पण निकालापलीकडे मुलं शिकतात कशी, अडतात कुठे आणि ती अडचण सोडवणारा धडा, खेळ, व्हिडिओ किंवा साधा तक्ता कसा घडवायचा, या कामाची लर्निंग डिझाइन ही वेगळी पदव्युत्तर पदवी असते. आपल्याकडच्या अनेक शिक्षकांच्या मात्र तिचं नाव कानावरही आलेलं नसतं. ज्यांच्या कानावर येतं, त्यांना वाटतं की ही कॉम्प्युटरवाल्यांची पदवी आहे. या गैरसमजामुळे चांगली माणसं अर्जच करत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहिते आहे.

ही पदवी कशाची असते

नावं वेगवेगळी आहेत. कुठे लर्निंग डिझाइन अँड टेक्नॉलॉजी, कुठे एज्युकेशनल टेक्नॉलॉजी, कुठे इन्स्ट्रक्शनल डिझाइन, कुठे डिजिटल एज्युकेशन. गाभा साधारण सारखाच. माणूस शिकतो कसा याचे सिद्धांत. शिकणाऱ्याची गरज कशी ओळखायची. विश्लेषण, रचना, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन या पाच टप्प्यांनी अभ्यासक्रम कसा उभा करायचा. चित्र, आवाज आणि मजकूर एकत्र आले की लक्ष कधी लागतं आणि कधी विचलित होतं. शिकवल्याचा उपयोग झाला की नाही हे कसं मोजायचं. यातल्या बहुतेक अभ्यासक्रमांना प्रवेशाच्या वेळी प्रोग्रॅमिंग येण्याची अट नसते. मूडलसारखी ऑनलाइन वर्गाची प्रणाली चालवणं, व्हिडिओ कापणं, ऑनलाइन चाचणी बनवणं हे तिथे शिकवतात.

प्रवेश समिती पाहते ते वेगळंच. एखादा माणूस शिकताना अडतो तेव्हा तुम्ही थांबून पाहिलं का, आणि त्यासाठी काही करून पाहिलं का, एवढंच तिला जाणून घ्यायचं असतं. चार वर्ग एकट्याने सांभाळणाऱ्या, पावसाळ्यात नेट आणि वीज दोन्ही गेल्यावरही धडा पुढे नेणाऱ्या एकशिक्षकी शाळेतल्या शिक्षकाकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. अडचण एकच. ते कुठेही लिहून ठेवलेलं नसतं.

आधी ठरवा: पदवी घेऊन जायचंय कुठे

हा निर्णय अभ्यासक्रम निवडण्याआधी घ्या. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत राहूनच शिकायचं असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेली पदवीच हवी आणि अर्जापूर्वी वरिष्ठांची लेखी परवानगी हवी. नोकरी सांभाळून पूर्णवेळ नियमित अभ्यासक्रम करता येत नाही. दूरशिक्षण करता येतं, पण त्यालाही परवानगी काढून ठेवा. पूर्णवेळच शिकायचं असेल, तर शासकीय सेवेत अध्ययन रजेची तरतूद महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये आहे. ते नियम स्वतः वाचून, आपल्याला कोणता लागू होतो ते आस्थापना शाखेकडून समजून घ्या.

पुण्या-मुंबईच्या ई-लर्निंग कंपन्यांत किंवा एखाद्या मोठ्या उद्योगाच्या प्रशिक्षण विभागात जायचं असेल, तर पदवीच्या नावापेक्षा तुमच्या कामाचे नमुने जास्त बोलतील. संशोधनाकडे ओढा असेल, तर आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएचडी करता येते. त्या वाटेने जाणाऱ्याने मास्टर्स निवडतानाच लघुप्रबंध असलेला अभ्यासक्रम घ्यावा. बीएड-डीएलएड महाविद्यालयात शिकवायचं स्वप्न असेल, तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे निकष वेगळे असतात. ही पदवी एमएडची जागा घेईल असं गृहीत धरू नका.

कुठे शिकता येतं

मुलींनी आणि बायकांनी सर्वात आधी एसएनडीटी महिला विद्यापीठाकडे पाहावं. मुंबईतल्या त्यांच्या जुहू आवारात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. हे विद्यापीठ १९१६ मध्ये उभं करणारे धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे. सहावीच्या परीक्षेसाठी ते भर पावसात मुरूडहून घाट चढून साताऱ्याला चालत गेले होते, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. त्याच माणसाच्या विद्यापीठात आज दापोली-गुहागरच्या मुली हा विषय शिकू शकतात, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र नियमित अभ्यासक्रमासाठी मुंबईत राहावं लागतं, तेव्हा वसतिगृहाची चौकशी प्रवेशाच्या चौकशीसोबतच करा.

घर सोडता येत नसेल तर इग्नूची एमए एज्युकेशन आहे. तिच्यात शैक्षणिक तंत्रज्ञान हा विशेष विषय घेता येतो. प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै सत्रासाठी. शिकण्याचं माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. लघुप्रबंध करावा लागतो, आणि त्यासाठी आपलीच शाळा आणि आपलाच तालुका अभ्यासाला घेता येतो.

चित्रकला आणि मांडणीकडे कल असलेल्यांसाठी आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातली एमडेस (डिझाइनमधली मास्टर्स) ही आणखी एक वाट. तिच्यासाठी सीड ही प्रवेश परीक्षा असते, साधारण जानेवारीत. टाटा समाजविज्ञान संस्थेतही शिक्षणातले पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत आणि तिथला प्रवेश आता सीयूईटी पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेमार्फत होतो.

परदेशात पर्याय भरपूर आहेत. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाची लर्निंग डिझाइन अँड टेक्नॉलॉजीतली मास्टर्स पूर्ण ऑनलाइन करता येते. एडिनबरा विद्यापीठाची डिजिटल एज्युकेशनमधली एमएससीही ऑनलाइन आहे. स्टॅनफर्ड, हार्वर्ड आणि जॉर्जटाउन इथे प्रत्यक्ष जाऊन शिकण्याचे अभ्यासक्रम आहेत. अभ्यासाचं प्रमाण क्रेडिटमध्ये मोजतात. अमेरिकेत साधारण ३० ते ३६ क्रेडिट, ब्रिटनमध्ये १८० क्रेडिट, तर महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाखालच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला ८८ क्रेडिट असतात. हे आकडे पाहून कुठली पदवी मोठी ते ठरवू नका. प्रत्येक देशात क्रेडिट मोजायची पद्धत वेगळी आहे.

परदेशी ऑनलाइन पदवीबद्दल एक इशारा. ती भारतात शासकीय नोकरीसाठी किंवा बढतीसाठी वापरायची असेल, तर तिला इथे समकक्षता (इथल्या पदवीच्या बरोबरीची मान्यता) मिळते का हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. खासगी क्षेत्रात हा प्रश्न फारसा येत नाही.

पात्रता: तीन वर्षांची पदवी पुरते का

भारतात पुरते. कोणत्याही शाखेचे पदवीधर बहुतेक ठिकाणी अर्ज करू शकतात. टक्केवारीची अट त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावी. अमेरिकेत मात्र काही विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात. बीए किंवा बीएस्सीनंतर बीएड केलेल्यांनी दोन्ही गुणपत्रकं एकत्र पाठवावीत, कारण एकूण शिक्षणाची वर्षं तिथे विचारात घेतली जाऊ शकतात. फक्त डीएड आणि नंतर बाहेरून बीए केलेल्यांनी अर्जाचं शुल्क भरण्याआधी प्रवेश कार्यालयाला ईमेल करून विचारावं.

इथे कोकणातल्या एका गटाला मुद्दाम सांगावंसं वाटतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बीएस्सी कृषी आणि रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाची पदवी या चार वर्षांच्या आहेत. बागायतदाराला कलम बांधायला, फवारणीची मात्रा मोजायला, बोटीवर मासळी बर्फात रचायला शिकवणारी ही मुलं शिकवण्याचंच काम करत असतात. प्रौढ माणसाला नवं काही शिकवण्याचा अनुभव या क्षेत्रात फार जपला जातो. तुम्ही शिक्षक नाही म्हणून मागे राहू नका.

गुणांचं चारपैकी जीपीएमध्ये (सरासरी श्रेणीगुणांत) रूपांतर स्वतःहून करू नका. विद्यापीठाने मागितलं तरच, आणि सांगितलेल्या पद्धतीनेच करा. आपल्याकडचे ६० टक्के म्हणजे पहिला वर्ग, हे गुणपत्रकाच्या मागच्या तक्त्यावरून त्यांना कळतं.

कामाचे नमुने: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

सगळीच विद्यापीठं पोर्टफोलिओ, म्हणजे कामाच्या नमुन्यांचा संग्रह, मागत नाहीत. न मागणाऱ्या ठिकाणीही तो तयार ठेवा, कारण उद्देशपत्र (हा अभ्यासक्रम का करायचा ते सांगणारं पत्र), शिफारसपत्रं आणि मुलाखत हे सगळं त्यावरच उभं राहतं. दोन-तीन नमुने पुरेत, पण प्रत्येकात अडचण, तुम्ही काय केलं, काय घडलं आणि मग तुम्ही काय बदललं हे दिसलं पाहिजे.

एक नमुना सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहू. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटी आहे. हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणच्या मुलांना भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते हे पुस्तक न वाचता माहीत असतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण (मोठी भरती) आणि अष्टमीला भांग (लहान भरती), हेही घरात ऐकलेलं असतं. तरीही परीक्षेत हीच मुलं अडतात. का?

शोधायचं कसं? धडा शिकवण्याआधी सात-आठ मुलांना कागद द्या आणि पृथ्वी, चंद्र आणि समुद्राचं पाणी काढायला सांगा. बरीच मुलं फक्त चंद्राच्या बाजूला पाणी फुगलेलं दाखवतील. मग विचारा, ‘असं असेल तर दिवसातून दोनदा भरती कशी येते?’ इथे मूल थांबतं. हीच ती जागा. पलीकडच्या बाजूलाही पाणी फुगलेलं असतं, म्हणून दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर पडतं, ही गोष्ट त्याच्या डोक्यात बसलेली नाही. मुलांच्या त्या चित्रांचे फोटो काढून ठेवा. तुमच्या नमुन्यातला सर्वात मौल्यवान भाग तोच आहे, आणि बहुतेक अर्जदार नेमका तोच गाळतात.

आता साधन घडवा. पुठ्ठ्याची फिरती चकती चालेल, मोबाइलवर चालणारं छोटं चलतचित्र चालेल, किंवा मुलांनी पंधरा दिवस जेटीवरच्या पाण्याच्या खुणा टिपून केलेला आलेख चालेल. मला स्वतःला आलेख आवडतो, कारण त्यात घरातलं ज्ञान आणि पुस्तकातलं कारण एकाच कागदावर येतं. जेटीवर जायचं तर मोठं माणूस सोबत हवं, हे तुमच्या आराखड्यातही लिहा. साधन वापरल्यावर त्याच मुलांकडून पुन्हा चित्र काढून घ्या. किती जणांचं बदललं, कोणाचं नाही, ते प्रामाणिकपणे लिहा. ज्याचं बदललं नाही त्याच्यासाठी तुम्ही काय फेरफार केला, ही ओळ समितीला सगळ्यात जास्त सांगून जाते.

दुसरा नमुना मोठ्या माणसांसाठीचा असू द्या. समजा गावातल्या न्याहारी-निवास चालवणाऱ्या बायकांना ऑनलाइन बुकिंगच्या नोंदी ठेवायला शिकवायचं आहे. पहिला विचार येतो तो दहा व्हिडिओंचा. त्याऐवजी एक सकाळ त्यांच्यासोबत बसा. तारखा दोनदा दिल्या जातात, एवढीच खरी अडचण असल्याचं कदाचित दिसेल, आणि त्यासाठी भिंतीवरचा एक पानाचा तक्ता पुरेल. अभ्यासक्रम न बनवता तक्त्यावर काम भागवलं, आणि तसं का ठरवलं, हे सांगता येणं ही या विषयातली मोठी समज आहे. नमुन्यात ती जरूर दाखवा.

नेट नसलेल्या जागी चालणारं काही केलं असेल तर तो तिसरा नमुना. कोलिब्रीसारखं मोफत सॉफ्टवेअर एका लॅपटॉपवर घालून इंटरनेटशिवाय वर्गात धडे दाखवता येतात. काहींनी व्हॉट्सअॅपवर छोट्या ध्वनिफिती पाठवून काम चालवलं. जगातल्या फार मोठ्या भागात नेट असंच येतं-जातं, त्यामुळे हा अनुभव कमीपणाचा समजून लपवू नका.

पाठ्यपुस्तकातली चित्रं उचलून नमुन्यात घालू नका. स्वतः काढलेले फोटो किंवा मुक्त परवान्याची चित्रं वापरा. मुलांचे चेहरे दिसत असतील तर पालकांची लेखी संमती घ्या, नाहीतर फक्त हात आणि वह्या दाखवा. व्हिडिओला उपशीर्षकं आणि चित्राला वर्णन द्या. अपंग व्यक्तींनाही वापरता येईल अशी रचना करणं हा या पदवीच्या अभ्यासाचाच भाग आहे. सगळं गुगल साइट्सवर फुकट मांडता येतं. दुवा पाठवण्याआधी दुसऱ्याच कोणाच्या फोनवर उघडून बघा, कारण परवानगी मागणारा दुवा परीक्षक उघडत बसत नाहीत.

उद्देशपत्र आणि शिफारसपत्रं

उद्देशपत्र साधारण एक-दोन पानांचं असतं. ‘मला लहानपणापासून तंत्रज्ञानाची आवड आहे’ या वाक्याने सुरुवात करू नका. वरच्या भरतीच्या उदाहरणासारखा एक प्रसंग घ्या, त्यातून तुम्हाला न सुटलेला प्रश्न मांडा, आणि त्या विद्यापीठातला कोणता विषय किंवा प्रकल्प तो प्रश्न पुढे नेईल ते सांगा. विद्यापीठाचं नाव बदलून दुसरीकडे जसंच्या तसं पाठवता येत असेल, तर ते पत्र अजून तयार झालेलं नाही. आधी मराठीत मनासारखं लिहा. मग ते बाजूला ठेवून इंग्रजीत नव्याने लिहा. ओळीला ओळ लावू नका. एआयकडून लिहून घेण्याबाबत प्रत्येक विद्यापीठाचे नियम असतात, ते वाचा. माझं मत विचाराल तर प्रसंग आणि विचार तुमचेच हवेत, कारण मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतात.

शिफारसपत्रं परदेशात बहुधा दोन किंवा तीन लागतात. आपले मुख्याध्यापक प्रेमाने लिहितात, पण ‘कष्टाळू, वक्तशीर, मनमिळाऊ’ याच्या पुढे जात नाहीत. त्यांना एक पान लिहून द्या: तुम्ही केलेलं काम, वर्ष, मुलांमध्ये दिसलेला बदल. मजकूर त्यांचाच असू द्या, पण तपशील हाताशी असला की पत्राला वजन येतं. शाळेचा अधिकृत ईमेल नसेल तर लेटरहेड, शिक्का आणि दूरध्वनी क्रमांक नीट असावेत. विद्यापीठाचा दुवा थेट सरांच्या ईमेलवर येतो. तो उघडून पत्र चढवेपर्यंत सोबत बसा.

कागदपत्रं

नावातला फरक हा बायकांच्या अर्जातला सर्वात मोठा अडथळा. गुणपत्रकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासपोर्टवर तिसरंच. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद हाताशी ठेवा आणि सगळ्या अर्जांत एकच नाव वापरा. पासपोर्टवर असेल ते उत्तम.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बरीच महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यामुळे ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) विद्यापीठाकडून काढावी लागते. महाविद्यालयाचं पत्र त्याला पर्याय नाही. जुनी गुणपत्रकं हरवली असतील तर वेळ लागतो, म्हणून हे काम सर्वात आधी सुरू करा. भारतात दूरशिक्षणाने प्रवेश घेणाऱ्यांना अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (क्रेडिटची ऑनलाइन नोंद ठेवणाऱ्या खात्याचा) क्रमांक आणि दूरशिक्षण मंडळाचा डीईबी आयडी लागतो. दोन्ही मोफत निघतात, पण आधारवरचं नाव जुळत नसेल तर तिथेच अडतात.

इंग्रजीची परीक्षा आणि घरचं नेट

आयईएलटीएस किंवा टोफेलचे गुण २ वर्षं ग्राह्य धरले जातात. घरी बसून टोफेल देण्याची सोय आहे, पण पावसाळ्यात त्या वाटेला जाऊ नका. मध्येच वीज गेली तर परीक्षा अर्धवट राहू शकते. सरळ मुंबई-पुण्याचं केंद्र घ्या. तुमची पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर काही विद्यापीठं ही परीक्षा माफ करतात. त्यासाठी महाविद्यालयाकडून तसं पत्र घ्या.

ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी लॅपटॉप हवाच, मोबाइलवर भागत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७ वाजता वर्ग असेल, तर आपल्याकडे उन्हाळी वेळेत पहाटेचे साडेचार आणि हिवाळी वेळेत साडेपाच वाजलेले असतात. तिथलं सत्र ऑगस्टमध्ये, म्हणजे आपल्या पावसात सुरू होतं. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं घरातल्या नेमक्या कोणत्या खोलीत चालतात ते पाहून ठेवा, इन्व्हर्टर लावा, आणि वाचायचं साहित्य येईल त्या दिवशीच उतरवून घ्या.

वर्षाचं गणित आणि पैसा

पुढच्या ऑगस्टमध्ये परदेशात जायचं असेल, तर बहुतेक मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात. मागे मोजत या. जूनमध्ये शाळा उघडली की अडचण निवडा आणि मुलांची पहिली चित्रं गोळा करा. ट्रान्स्क्रिप्टचा अर्जही तेव्हाच टाका. गणपतीत घर माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा त्या दिवसांत लिखाण होईल असं धरू नका. साधनाची चाचणी त्याआधी संपवा. दिवाळीच्या सुट्टीत उद्देशपत्र लिहा आणि शिफारस देणाऱ्यांना भेटा. नोव्हेंबरपर्यंत इंग्रजीची परीक्षा उरकलेली असावी.

पैशाचं थोडक्यात सांगते. राज्यातल्या शिक्षणासाठी राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या पाहा. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांना परदेशासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. तिच्या वयाच्या, उत्पन्नाच्या आणि विद्यापीठाच्या क्रमवारीच्या अटी दर वर्षीच्या जाहिरातीत तपासा. १८९२ मध्ये सुरू झालेली जे. एन. टाटा एंडोमेंट ही कर्ज-शिष्यवृत्ती कोणत्याही विषयाला चालते. बाग किंवा घर तारण ठेवण्याआधी हे सगळे दरवाजे ठोठावा.

प्रवेशाचं पत्र आल्यावर शुल्क भरण्याआधी विद्यापीठाला तीन प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तरं जपून ठेवा. एकूण खर्च किती, आणि एखादा विषय राहिला तर पुन्हा शुल्क पडतं का? शेवटचा प्रकल्प किंवा इंटर्नशिप आपल्याच गावातल्या शाळेत किंवा संस्थेत करता येते का? आणि मध्ये एक सत्र थांबावं लागलं, तर किती वर्षांत पदवी पूर्ण करण्याची मुभा आहे?